दहावा डाव

६ जानेवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फाडायला घेतलं असशील तर थांब, एवढी एक ओळ वाच. बाबा आहेत. बाकीचं वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव. नऊ वर्षांनी लिहिते आहे, हक्काने काही मागायची माझी टाप नाही.

नोव्हेंबरात त्यांना झटका आला. सकाळी दाढी करताना ब्रश हातातून पडला, तो उचलता येईना, तर आधी ब्रशवरच चिडले. उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन खिडकीपर्यंत येतात. बोलणं मात्र तीन शब्दांवर आलंय: हो, नाही आणि पुढे. ज्या माणसाने बोलून बोलून आपल्याला वात आणला त्याच्याकडे तीन शब्द! मला पहिल्यांदा हसूच आलं. मग बाथरूमचा नळ सोडून भरपूर रडून घेतलं.

तुझा पत्ता कारखान्याला कागद पुरवणाऱ्या कागदवाल्याकडून काढला. त्याच्यावर डाफरू नकोस, मी त्याचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे त्याने दिला.

व्यायाम शिकवायला एक बाई येतात. त्या म्हणाल्या, "यांच्याशी रोज काहीतरी खेळत जा. पत्ते, सोंगट्या, काहीही. हात हलेल आणि डोकंही चालू राहील." मी म्हटलं, "बाई, या घरात खेळांशिवाय दुसरं आहे काय!" चाळीस वर्षं पटांचे नि पत्त्यांचे डबे बनवले या माणसाने. पण खरं सांगायचं तर तू गेल्यापासून घरात एकही डाव मांडला नव्हता. कारखान्यात खेळ बनत होते, घरात कोणी खेळत नव्हतं.

तर पंधरा दिवसांतले शेरे लिहिते. सवय जात नाही बघ.

भिकार-सावकार. बाबा आणि मी. अक्कल अजिबात लागत नाही, वरचं पान उचलायचं आणि टाकायचं. बाबांनी डाव्या हाताने टाकलं. पहिली सव्वीस पानं टाकायला बावीस मिनिटं लागली, मी घड्याळ लावून बसले होते. खेळ म्हणून नावाप्रमाणेच भिकार, व्यायाम म्हणून बरा.

सापशिडीत ते अठ्ठ्याण्णववरून सापाच्या तोंडात गेले आणि थेट अठ्ठावीसवर आले. फासा माझ्या अंगावर फेकला. डाव्या हाताने, नेम धरून! बाई म्हणाल्या, "वा, खांदा सुटला."

बदाम सात तिघांत खेळलो. खोकी चिकटवणाऱ्या मावशी तिसऱ्या. त्या अजून तश्शाच आहेत, हात कामात आणि तोंड चौकशीत. बाबांना पानं धरता येत नाहीत म्हणून मी पुठ्ठ्याला खाच पाडून पानं उभी करायची पट्टी करून दिलीय. किलवरची अठ्ठी कोणाकडून येईना. मावशींची नव्वी, दश्शी, गुलाम सगळे हातात कुजत पडलेले. आणि बाबा प्रत्येक फेरीला मान हलवून "नाही". मला वाटलं, पान डोळ्यासमोर असून दिसत नाही, आता डोकंही गेलं. शेवटी पट्टी फिरवून बघितली. अठ्ठी समोरच उभी, आणि बाबा अर्ध्या तोंडाने गालात हसताहेत. लबाडी! उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांना लबाडी करताना पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुन्हा खेळावासा वाटतो का? हो.

उत्तर नाही आलं तरी चालेल.

ताई


२३ जानेवारी

धाकट्या,

तुझं नाही, तुझ्या बायकोचं कार्ड आलं. "तुमचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. उत्तर लिहिणार नाही म्हणाले." पुढे लिहिलंय की तुमची मुलगी सात वर्षांची आहे. तुमच्या घरात पत्ते नाहीत, पट नाही, साधा फासा नाही. मुलीला शाळेत बक्षीस मिळालेली सापशिडी तू न उघडताच कोणाला तरी देऊन टाकलीस आणि पोर दिवसभर रडली. शेवटी विचारलंय, हे शेरे म्हणजे काय, आणि तुम्हा लोकांचं झालं तरी काय?

मी आत्या होऊन सात वर्षं झाली आणि मला पत्ताच नाही. कार्ड बाबांना वाचून दाखवलं. मुलीचं आलं तिथे "पुढे, पुढे" करत राहिले, पण पुढे काही लिहिलेलंच नव्हतं. मग तेवढंच चार वेळा वाचून घेतलं माझ्याकडून.

आता हे तुझ्या बायकोसाठी. तिला दे.

हे बघ, आपण भेटलेलो नाही, पण नात्याने मी तुझी नणंद लागते, म्हणून सरळ बोलते. आमच्या बाबांचा एक नियम होता. नवा खेळ छापायला जायच्या आधी दहा डाव खेळायचे. नऊ डाव घरच्यांनी कसेही खेळावेत. दहावा डाव कागद वाचून. म्हणजे डब्यात नियमांचा जो छापील कागद जाणार तो समोर ठेवायचा, आपल्याला खेळ येतच नाही असं धरून चालायचं आणि कागदात लिहिलंय तेवढंच करायचं. बाबा म्हणायचे, "डबा उघडणाऱ्याच्या घरी आपण नसतो. तिथे कागद एकटा असतो."

प्रत्येक डावाचा शेरा वहीत लिहायचा. कोण खेळलं, किती वेळ लागला, कुठे अडखळलो, कोण जिंकलं. शेवटचा रकाना, पुन्हा खेळावासा वाटतो का? त्या रकान्यात "हो" पडावं म्हणून तुझ्या नवऱ्याने आणि मी लहानपणी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या आहेत. बाबांपुढे आमचा शब्द चालायचा नाही, वही चालायची. वहीत लिहिलेलं खरं, विषय संपला.

तुमचं झालं काय, हे विचारलंस. ते सांगेन. आज नको.

धाकट्या, तुझ्यासाठी एक बातमी. कारखान्याची जागा मार्चअखेर सोडतोय. चालवणार कोण? माझे गुडघे गेले आणि मावशी आता सत्तरीच्या. मी रोज सकाळी जाऊन फळ्या रिकाम्या करते.

आणि हो, बुद्धिबळ. मंगळवारी बाबांनी मला अठरा चालींत मात दिली. वजीर असा काही आत घुसवला की मी तोंडात बोट घालून बसले. म्हणजे डोकं जसंच्या तसं आहे. सगळं आठवतंय, सगळं कळतंय, फक्त बोलता येत नाही. शेरा काय लिहू? मला त्या दिवशी झोप लागली नाही.

ताई


९ फेब्रुवारी

धाकट्या,

बाबांना कारखाना शेवटचा बघायचा होता, म्हणून चाकांच्या खुर्चीतून घेऊन गेले. कापायच्या मशीनवर हात फिरवला, ठशांचा खण उघडायला लावला. मग फळीकडे बोट दाखवून "पुढे, पुढे" म्हणायला लागले. त्यांना काय हवं होतं ते मला काही कळलं नाही. घरी आणलं.

डॉमिनो खेळलो. ठोकळे जाड असल्यामुळे डाव्या हाताला सोपे जातात. शेरा बरा आहे. दोघांत जरा कंटाळवाणा होतो.

हे वर लिहिलंय ना, कळलं नाही म्हणून? ते खोटं आहे. पत्र पाकिटात घालून परत बाहेर काढलं.

कळलं मला. वरच्या फळीवर निळे डबे आहेत, तुझ्या "नदीपार"चे. दुकानदारांनी परत पाठवले त्यातले शंभरेक अजून तिथेच आहेत. बाबांना तो खेळायचा होता. मी म्हटलं, "ते डबे रिकामे आहेत बाबा." ते म्हणाले, "नाही." मी म्हटलं, "उंदरांनी खाल्लेत." ते माझ्याकडे बघत राहिले. ज्या माणसाने मला चाळीस वर्षं ओळखलंय त्याला मी उंदरांचं सांगत होते.

तेव्हापासून दुसरा खेळ मांडला की हाताने बाजूला सारतात. बाई विचारतात, "आजोबा का रुसले?" मी म्हणते, "रडीचा डाव खेळतात, दुसरं काय." रडीचा डाव कोण खेळतंय ते मला ठाऊक आहे.

ताई


२० फेब्रुवारी

धाकट्या,

हे एका दमात लिहिते. मध्ये थांबले तर पुरं होणार नाही.

तुझ्या नियमांच्या कागदात ते वाक्य होतं. तू लिहिलं होतंस. मी काढलं.

तुझी बायको वाचत असेल तर तिला समजेल असं सांगते. नदीपारमध्ये प्रत्येकाच्या चार नावा असतात, या काठावरून त्या काठाला न्यायच्या. मध्ये बेटं. ज्या बेटावर तुझी नाव उभी आहे तिथे माझी आली की तुझी काठावर परत जाते. आणि परत गेलेली नाव उलटी ठेवायची, लाल तळ वर. अशी नाव दुसऱ्यांदा परत पाठवता येत नाही. सगळा खेळ त्या एका वाक्यावर उभा आहे. ते काढलं की दोघं एकमेकांच्या नावा परत पाठवत बसतात आणि डाव कधी संपतच नाही.

कागद लावायचं, म्हणजे छपाईसाठी ओळी जुळवायचं काम माझं. एका बाजूला चाळीस ओळी मावतात. अक्षर बारीक केलेलं बाबांना खपत नसे, म्हाताऱ्यांना आणि पोरांना वाचता आलं पाहिजे म्हणायचे. तुझ्या एक्केचाळीस झाल्या. एका ओळीसाठी मागची बाजू छापायची म्हणजे सगळा गठ्ठा पुन्हा मशीनवर चढवायचा. मी पेन्सिलीने त्या वाक्यावर रेघ मारली. मनात म्हटलं, हे काय, सगळ्यांना माहीतच आहे. नऊ डाव आपण तसेच तर खेळलो होतो! आपल्याला तो नियम इतका पाठ होता की तो कागदावर नाही हे कोणाच्या लक्षात आलं नसतं. आलं असतं ते दहाव्या डावात.

दहावा डाव झालाच नाही. तो मावशींनी आणि मी खेळायचा होता. मी मावशींना घरी पाठवलं आणि एकटीने बसून वहीत लिहिलं: "कागद वाचून खेळलो. पन्नास मिनिटं. नियम स्पष्ट. पुन्हा खेळावासा वाटतो: हो." खाली सही ठोकली.

का, ते मी नऊ वर्षं स्वतःला विचारतेय. त्याच्या आदल्या वर्षी मी "टपाल" बनवला होता, आठवतो? पोस्टमनचा. आठ महिने खपले होते त्याच्यापायी. बाबांनी दोन डाव खेळून वही मिटली. "बरा आहे. पुन्हा खेळावासा वाटत नाही." आणि तुझा खेळ पहिल्याच डावात त्यांना असा आवडला की चहा गार झाला तरी उठले नाहीत. नऊच्या नऊ डावांना "हो". मला तो दहाव्यांदा खेळायचा नव्हता, एवढंच. मी मुद्दाम बिघडवलं नाही, शपथ घेऊन सांगते. पण मन लावूनही केलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी हे कधी तोंडाने बोललेली नाही. डबे परत यायला लागले. एका दुकानदाराने लिहिलं, "मुलं तीन तास खेळली, शेवटी भांडून उठली. आणि नावांचा तळ लाल का?" बाबांनी आपल्या दोघांना टेबलाशी बोलावलं. तू म्हणालास, "मी लिहिलं होतं ते वाक्य." बाबांनी मला विचारलं, "तुझ्याकडे आलेला कागद?" मी म्हटलं, "असाच आला होता. तो केव्हाच टाकून दिला." मग त्यांनी वही उघडली. दहाव्या डावाचा शेरा वाचला. माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मावशी त्या आठवड्यात बहिणीकडे गेल्या होत्या. नाहीतर त्या एका वाक्यात बोलून गेल्या असत्या, आणि परत आल्यावर त्यांना कोणी काही विचारलंच नाही.

बाबा तुला म्हणाले, "खेळ चुकला तर दुरुस्त करता येतो. स्वतःची चूक बहिणीच्या गळ्यात मारणारा माणूस मला इथे नको."

तू माझ्याकडे बघत उभा होतास. किती वेळ उभा होतास! मी नावा मोजून पिशव्यांत भरत होते. मान वर केली नाही. तू चप्पल घातलीस तेव्हा आवाज आला, दार लावलंस तेव्हाही आला, आणि मी मोजत राहिले.

तुझा कागद मी टाकला नव्हता. तो माझ्या "टपाल"च्या डब्यात आहे, माझ्या पेन्सिलीच्या रेघेसकट. दरवर्षी एकदा डबा उघडते. फाडायचं धाडस झालं नाही आणि दाखवायचंही.

माफ कर असं लिहिणार होते. ते फार स्वस्त वाटलं. तू मुलीची सापशिडी देऊन टाकलीस हे वाचल्यापासून मला नीट जेवण जात नाही. ते माझ्यामुळे.

ताई


१२ मार्च

धाकट्या,

तुझ्या बायकोचं कार्ड मिळालं. पत्र वाचून तू बाहेर गेलास, संध्याकाळी आलास आणि म्हणालास, "हे मला सांगून काय उपयोग? वही बाबांची आहे." एवढंच लिहायला सांगितलंस. नऊ वर्षांनी तुझं एक वाक्य मिळालं आणि तेही बरोबर.

म्हणून त्याच दुपारी निळा डबा घरी आणला. बाबांसमोर पट मांडला. त्यांचे डोळे असे उजळले की मला तिथेच पळून जावंसं वाटलं. मी म्हटलं, "बाबा, दहावा डाव खेळू. कागद वाचून."

दोन वाजता सुरू केलं. माझी नाव त्यांनी परत पाठवली आणि सवयीने उलटी करायला लागले. मी हात धरला. "कागदात नाही बाबा." त्यांनी कागद ओढून घेतला. एकेका ओळीवर बोट ठेवत चाळिसाव्या ओळीपर्यंत गेले. मग पान उलटून बघितलं. कोरं. "पुढे," म्हणाले. मी म्हटलं, "पुढे काही नाही. चला, तुमची पाळी." साडेचार वाजले तरी एकही नाव पार झाली नव्हती. उन्हाची तिरीप पटावरून सरकून भिंतीवर गेली होती.

मग "टपाल"चा डबा उघडून तुझा कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. तुझं अक्षर. माझी रेघ. आणि बाजूला वही, दहाव्या डावाचं पान. बाबांचं बोट कागदावरून वहीवर गेलं, वहीवरून माझ्या सहीवर.

"नाही?" म्हणाले.

"नाही बाबा. आम्ही खेळलोच नव्हतो. आणि कागद असाच आला होता असं मी म्हणाले ते पण खोटं."

त्यांनी डाव्या हाताने पट उडवला. नावा खोलीभर झाल्या. मावशी धावत आल्या आणि मी का रडतेय ते न विचारता गुडघ्यांवर बसून नावा गोळा करायला लागल्या. पलंगाखालची एक काढता काढता म्हणाल्या, "मला त्या दिवशी घरी पाठवलंस, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. पण मालकांच्या लेकीला मी कोण विचारणार म्हणून गप्प बसले. माझंही चुकलंच."

तेव्हापासून बाबा माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. पहिले आठ दिवस तर मी खोलीत गेले की डोळे मिटून घ्यायचे. जेवण मावशी भरवायच्या, व्यायाम बाई करून घ्यायच्या. मी बाहेर बसून ऐकायची. शेरा विचारशील तर, लायकीप्रमाणे मिळालं.

नवव्या दिवशी काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. आत गेले तर मांडीवर वही आणि डाव्या हातात पेन्सिल. माझ्या शेऱ्यावर त्यांनी काट मारली. रेघ वेडीवाकडी गेली, पण शेवटपर्यंत नेली. खाली मोठ्या अक्षरात "१०" लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली.

मी विचारलं, "मी खेळू?"

"नाही."

"मावशी?"

"नाही." बरोबरच आहे. मावशींनी हजार डबे भरलेत, त्यांना खेळ तोंडपाठ. येत नाही असं नुसतं धरून आता चालायचं नाही, खरंच ज्याला खेळ येत नाही त्याने हा दहावा डाव खेळायचा. मी म्हटलं, "मग बाबा, या घरात खेळ न येणारं माणूस कुठून आणू?" त्यांनी उशीखालून तुझ्या बायकोचं पहिलं कार्ड काढलं. ते तिथे असतं हे मला माहीत नव्हतं. मुलीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हो."

मग त्याच बोटाने स्वतःच्या छातीवर दोनदा टकटक केलं. मी घाबरले. "दुखतंय का?" "नाही." पुन्हा वहीवर बोट, पुन्हा छातीवर. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यांना पुसता येत नव्हतं. मुलगा समोर उभा होता आणि आपण वहीचं ऐकलं, हे ते सांगत होते. तीन शब्दांत बसत नव्हतं म्हणून बोटाने सांगत होते.

तर या पार्सलमध्ये एक निळा डबा आहे. कागद मी नव्याने लावलाय. एक्केचाळीस ओळी, शेवटची मागच्या बाजूला. छापायला शेवटचं मशीन मीच चालवलं, परवा ते उचलून नेणार आहेत. सोबत वही आहे, खरी, एकुलती एक. बाबांनीच पार्सलमध्ये ठेवली. मला त्यांनी दोरीसुद्धा बांधू दिली नाही, मावशींनी बांधली.

तू खेळू नकोस. लांब बस आणि तोंड उघडू नकोस, तुला नियम माहीत आहे. आणि नाहीच खेळू द्यायचं ठरवलंस तर डबा तसाच परत पाठव. मी त्यावर चकार शब्द काढणार नाही.

ताई


२९ मार्च

धाकट्या,

वही काल आली. पाकीट फोडायला बाबांनी बाई जाईपर्यंत थांबवलं. मग मावशींना बोलावून घेतलं, आणि मला खूण केली, वाच.

तुझं अक्षर बदललेलं नाही. मी मोठ्याने वाचलं. "दहावा डाव. खेळाडू: मुलगी, वय सात, आणि तिची आई. मी दाराशी बसलो होतो, बोललो नाही. वेळ: पंचावन्न मिनिटं. कुठे अडखळले: मुलीने विचारलं, तळ लाल का? आई म्हणाली, कागदात बघ. मुलीने पान उलटलं आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचली. पुन्हा विचारावं लागलं नाही. कोण जिंकलं: मुलगी. खेळ संपला."

मावशी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. बाबा म्हणाले, "पुढे."

मी म्हटलं, "एवढंच आहे बाबा." "पुढे." शेवटचा रकाना. पुन्हा खेळावासा वाटतो का? तो तू कोरा ठेवला आहेस. विसरला नाहीस, मला माहीत आहे. त्या रकान्यासाठी माझे केस उपटणारा मुलगा तो विसरेल होय?

बाबांनी वही स्वतःकडे ओढली आणि त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. मग पेन्सिल उचलून माझ्यापुढे धरली. का धरली ते मला अजून नक्की कळलेलं नाही. परीक्षा घेत होते, की हात थकला होता म्हणून मला लिही म्हणत होते? एका अक्षराचा शब्द आहे रे. लिहिला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. मलाही वाटलं असतं. एकदा लिहून बसले आहेच मी, त्याच वहीत, त्याच रकान्यात, दुसऱ्याच्या डावाचं "हो".

मी पेन्सिल घेतली नाही. म्हटलं, "बाबा, ज्याचा डाव त्यानेच लिहायचं."

"हो," म्हणाले. आणि कित्येक आठवड्यांनंतर पहिल्यांदा पाण्याचा पेला माझ्यापुढे केला. मी भरून दिला. ते प्यायले.

कारखाना परवा रिकामा होतो. मोठं टेबल मी घरी आणून खिडकीशी लावलंय, आपण तिघं ज्याच्याभोवती बसायचो ते. वही त्यावर उघडी आहे, पेन्सिल टोक काढून बाजूला. दुपारी मावशी आल्या की आम्ही बदाम सात खेळतो. बाबा अजूनही किलवरची अठ्ठी दाबून बसतात.

तो रकाना कोराच राहील, धाकट्या. तू येऊन भरेपर्यंत, किंवा तू कधीच आला नाहीस तरी. मी त्याला हात लावणार नाही.

ताई